नाव विचारायचं नाही

“नाव सांगू नका. फक्त गुन्हा सांगा,” साहेब फोनवर म्हणाले.

पलीकडच्या गृहस्थांनी गुन्हा सांगितला. वरच्या मजल्यावरची बाई कपडे न पिळता वाळत घालते आणि पाणी यांच्या खुर्चीवर गळतं. साहेबांनी तो फॉर्मवर उतरवून घेतला. ‘माहितीची खात्री आहे का?’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘होय. खुर्ची ओली आहे.’

साहेब म्हणजे वजनकाटे तपासणारे निवृत्त निरीक्षक. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे काटे तपासले आणि आता शहराची नीतिमत्ता तोलायला घेतली होती. जागरूक नागरिक मंचाचं कार्यालय एका बंद पडलेल्या शिंप्याच्या दुकानात होतं. तीन खुर्च्या, एक फोन आणि शिंप्यानं मागं ठेवलेला पुरुषभर उंचीचा आरसा. गुन्हेगारीशी लढायला निघण्यापूर्वी सभासद त्यात टोपी नीट करून घेत. अध्यक्ष दंतवैद्य होते. “ही कीड मुळासकट उपटू,” असं ते सांगत, तेव्हा समोरच्यांचा हात आपसूक गालावर जाई.

चार महिन्यांत फोनवर कुत्री आली, कचरा आला, आणि मंचाच्याच कर्ण्याबद्दल अकरा तक्रारी आल्या. चोऱ्या मात्र आपल्या गतीनं चालू होत्या. शहरातून साठ मोटारसायकली गेल्या. एकसष्टावी अध्यक्षांची, वाहनचोरी रोखण्यावरच्या बैठकीच्या दारातून. गेल्या आठवड्यात तर चोरांनी वाहनतळाच्या रखवालदाराच्या डोक्यात गज घातला. तो अजून शुद्धीवर आला नव्हता. मंचानं तातडीनं निषेधाचा ठराव केला, एकमतानं.

दुपारी तीनला फोन पुन्हा वाजला. फोनवर बाई होती. तोंडावर रुमाल धरून बोलत असावी.

“चोरीच्या गाड्या कुठं आहेत ते मला माहीत आहे.”

साहेबांच्या हातातलं पेन थांबलं. तो आवाज रुमालातून काय, उशीतून आला असता तरी त्यांनी ओळखला असता. रोज सकाळी तोच त्यांना विचारायचा, चहा गरम करू का.

“बोला, बाई,” साहेब म्हणाले. तेहतीस वर्षांत पहिल्यांदाच ते बायकोला अहोजाहो करत होते. तिनं आपल्याला ओळखलं नसणार, असं त्यांना वाटलं. मंचाबद्दल ते रोज रात्री जेवताना भरभरून बोलत आणि ती आमटी ढवळत असे. फोनवर कुणाची पाळी कधी, हे तिच्या लक्षात कुठलं राहायला?

“लोखंड बाजाराच्या मागच्या गल्लीत शेवटचं गॅरेज. डबा द्यायला गेले होते. पत्र्याच्या आड सात गाड्या आहेत, नंबरपाट्या काढलेल्या. आणि खिळ्याला त्या रखवालदाराची शिट्टी अडकवलीय. दोरीवर त्याचा बिल्ला आहे.”

साहेबांना ते गॅरेज चांगलंच ठाऊक होतं. त्या गॅरेजच्या पाटीवर त्यांचंच नाव होतं. मुलानं हौसेनं घातलं होतं, वडिलांचं नाव म्हणून.

“पुन्हा एकदा विचार करा,” ते हळूच म्हणाले. “घाईत बघितलं असेल. गाड्या दुरुस्तीला आल्या असतील. शिट्टी काय, कुणाचीही...”

“हा प्रश्न फॉर्मवर आहे का?” बाईनं विचारलं.

नव्हता. साहेबांनी गल्ली लिहिली, गाड्या लिहिल्या, शिट्टी लिहिली. ‘माहितीची खात्री आहे का?’ इथं ते अडले.

“खात्री आहे,” पलीकडून न विचारताच उत्तर आलं, आणि फोन बंद झाला.

फॉर्म फाडायला एक क्षण पुरला असता. बघणारं कुणी नव्हतं. दुसरे जागरूक नागरिक शेजारच्या खुर्चीत गाढ झोपले होते. साहेबांनी फॉर्मची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मुलाला गाठावं, गाड्या हलवायला सांगाव्यात, शिट्टी विहिरीत टाकावी, सगळं मनात करून झालं. मग त्या रखवालदारालाही घरून डबा येत असेल, असा एक विचार आला आणि काही केल्या जाईना.

तेवढ्यात अध्यक्ष आले. “काय साहेब, आज तरी काही? की पुन्हा ओले कपडेच?”

साहेबांनी फॉर्म पुढं केला.

‘सात गाड्या’ एवढं वाचूनच अध्यक्ष उडाले आणि स्वतः पोलीस ठाण्याकडं पळाले. संध्याकाळी सहाला बातमी आली. तिघांना पकडलं, गाड्या सापडल्या, शिट्टीही सापडली. मंचात टाळ्या झाल्या, बिस्किटांचे पुडे फुटले. आरशापुढं फोटो निघाला. साहेबांना आग्रहानं मधोमध उभं केलं. त्यांच्या गळ्यात हात टाकून अध्यक्ष म्हणाले, “असा एक जागरूक माणूस प्रत्येक घरात हवा!”

साहेब चालत घरी आले. रस्ताभर ते एकच वाक्य जुळवत होते. फॉर्म आपणच पुढं केला, हे बायकोला कसं सांगायचं. दार उघडंच होतं. टेबलावर रोजच्या तीनऐवजी दोन ताटं मांडलेली होती.

ते खुर्चीत बसले. त्यांनी विचारलं, “फोनवर मी आहे, हे तुला ठाऊक होतं?”

“पोलिसांचा नंबर मला पाठ आहे,” ती त्यांच्याकडं न बघता म्हणाली. “पण मुलगा दोघांचा आहे ना.”