पंख धरणारा

विमेराच्या माळावरच्या ग्लायडर क्लबात जुन्या फोटोंची वही नॉरिसकडे असे. शंभरेक ग्लायडर त्याने नुसत्या शेपटीवरून ओळखली होती. एकाच फोटोखाली मात्र तीस वर्षं ‘ओळख पटली नाही’ असंच होतं. नव्या आलेल्या आयरीनने जुनी दप्तरं चाळून ते चार दिवसांत हुडकलं.

“नॉरिसकाका, चष्मा बदला आता! दोघा भावांनी घरी बांधलेलं आहे हे. पहिल्याच उड्डाणात कोसळलं, धाकटा गेला. लिहा खाली.”

नॉरिसने पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

“आणि उडेपर्यंत तोल राहावा म्हणून पंखाचं टोक धरून सोबत धावतोय, तो कोण?” आयरीनने विचारलं.

“मी,” नॉरिस म्हणाला. “राहू दे गं तसंच. या फोटोत मी अजून हात सोडलेला नाही.”