साक्षीदाराची सही

धारवाल्यानं चाक थांबवलं, हातातली सुरी फडक्यावर पुसली आणि बाकड्यावरचा फॉर्म उचलला. एकतीस वर्षांनी दारात आलेल्या माणसाला त्यानं बस म्हटलं नव्हतं.

हमाल उभाच राहिला. पलटणीत दारूगोळ्याच्या पेट्या दोन-दोन उचलायचा म्हणून हे नाव पडलं, ते निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. त्याच्या सेवापुस्तिकेत शौर्यपदकाची नोंद व्हायची राहून गेली होती. ज्या साहेबानं पदक जाहीर केलं तो आठवड्याच्या आत मारला गेला, आणि त्या चकमकीच्या तारखेपुढे भलतीच ओळ राहिली: विनापरवानगी ठाणे सोडले. नोंद दुरुस्त करायची तर प्रत्यक्ष पाहणाऱ्याची सही आणा, असं दफ्तराचं पत्र होतं. ठाण्यावरच्या नऊ जणांपैकी आता हे दोघेच उरले होते. पदकाचं हमालाला फारसं कौतुक नव्हतं, पण पळपुटा म्हणून मरायची त्याची तयारी नव्हती.

"'जखमी सहकाऱ्यास पाठीवर घेऊन उतार उतरला,'" धारवाल्यानं वाचलं. "जखमी सहकारी म्हणजे मी."

"हो."

"आम्ही दोघं पडलो होतो. मी आणि माझा धाकटा भाऊ. मलाच का उचललंस?"

हा प्रश्न येणार हे हमालाला ठाऊक होतं. बसमध्ये त्यानं उत्तर घोकून ठेवलं होतं. "तू जवळ होतास."

कुबडीचा फटका त्याच्या कानशिलावर बसला. एका पायावर उभ्या असलेल्या माणसात एवढा जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं. तो बाकड्यावर आदळला, सुऱ्या-कात्र्या खळाखळा खाली सांडल्या.

"खोटं! माझा हात त्याच्या पट्ट्यात होता. जवळ होतो तर दोघंही."

दुसरा फटका बरगडीवर आला. तिसरा हमालानं उजव्या हातावर झेलला, तर दोन बोटं कडकन मोडली. आतून धारवाल्याची बायको धावत आली. "अहो, सोडा! जीव घ्याल त्यांचा!" तिनं नवऱ्याची कंबर धरली, पण तो तिला ओढत पुढे आला, तोल जाऊन हमालाच्या अंगावर कोसळला आणि पडल्या पडल्या त्यानं त्याचा गळा पकडला. हमालाला त्याला सहज भिरकावून देता आलं असतं. त्यानं हात उचलला नाही.

"बोल!"

"ओरडत होतास तू!" हमाल घुसमटत म्हणाला. "धुकं होतं. गोळ्या आवाजावर येत होत्या. तुझ्या ओरडण्यापायी आधीच दोन माणसं गेली होती. तुझं तोंड बंद करायचं होतं, म्हणून तुला उचललं. कसलं शौर्य आणि कसलं काय."

गळ्यावरची पकड सुटली नाही. "मी काय ओरडत होतो?"

"धाकट्याला घे. धाकट्याला घे."

मग हात सैल झाले. धारवाला बाजूला सरकून भिंतीला टेकला. त्याला धाप लागली होती.

"तो मागून हाका मारत होता," तो म्हणाला. "तू माझं डोकं दाबून धरलं होतंस, शब्द कळले नाहीत. पण आवाज त्याचाच. मला टाकून चाललात म्हणून बोंबलत होता. दिवसभर हे चाक मी कशासाठी फिरवतो, माहितीय? थांबलं की तो ऐकू येतो."

हमालानं तोंडातलं रक्त थुंकलं. आता गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. ही गोष्ट त्यानं तेव्हा साहेबालाही सांगितली नव्हती. सांगितली असती तर पदक त्याच्या नावानं जाहीरच झालं नसतं.

"तो तुला हाका मारत नव्हता. त्यांना बोलावत होता."

"कुणाला?"

"पलीकडच्यांना. मी तुला उचललं तेव्हा तो शुद्धीत होता. बाही दातांत घट्ट धरून गप्प पडला होता. आपण उतारावर आलो आणि गोळ्या आपल्या पायांशी पडायला लागल्या. तेव्हा त्यानं तोंड उघडलं. सगळ्या गोळ्या तिकडे वळल्या. आपण खाली पोचेपर्यंत ओरडत होता, मग थांबला."

"काय ओरडत होता?"

"शिव्या."

"तो? अरे, घरात कधी तोंडातून ब्र काढला नाही त्यानं."

"तुझ्याच शिव्या. तू आम्हाला घालायचास त्या. एकेक करून सगळ्या."

धारवाला हसला. हसता हसता दोन्ही मुठींनी स्वतःचं कपाळ बडवायला लागला. बायकोनं मनगटं धरली तेव्हा कुठे थांबला.

त्यानं सुऱ्यांच्या पसाऱ्यातून फॉर्म शोधून काढला आणि सही केली. "पळाला नव्हतास. एवढं खरं आहे." मग कागद उलटा करून कोरी बाजू वर केली आणि पेन हमालाच्या धड असलेल्या हातात दिलं. "आता त्याचं लिही. साक्षीदार तू."

या बाजूचं वाचल्यावर त्या बाजूचं पदक कुणी देणार नाही, हे हमालाला कळत होतं. तरी तो लिहायला लागला. डाव्या हाताची अक्षरं वेडीवाकडी येत होती. अर्ध्या पानावर आल्यावर तो अडला.

"तो ओरडला ते इथं कसं लिहू? सरकारी कागद आहे. आणि वहिनी इथंच आहेत."

धारवाल्याची बायको खाली बसून फरशीवरचं रक्त पुसत होती. तिनं मान वर केली नाही.

"लिहा भावजी," ती म्हणाली. "एकही गाळू नका."