पातं वेळेवरच पडलं

पत्रा कापायच्या मशीनने महिन्यापूर्वी ऑपरेटरची दोन बोटं उडवली आणि तो कामावर परतताच साहेबांनी त्यालाच खोटं पाडलं. पडद्यावरची नोंद स्वच्छ सांगत होती, आधी हात बाहेर आला, मग पातं पडलं.

"साहेब, आत प्रोसेसर दोन आहेत," प्रोग्रामरबाई तिसऱ्यांदा समजावत होत्या. "एक हात बघतो, दुसरा पातं पाडतो. ज्याचं त्याचं घड्याळ वेगळं, आणि पात्याचं पुढे पळतं. त्यामुळे पातं पडतं लवकर आणि नोंद होते वेळेवर पडल्याची. घड्याळं जुळेपर्यंत मशीन बंद ठेवा."

"बाई, माणूस नोकरीसाठी खोटं बोलतो. मशीनला कुठे पोट आहे?" साहेबांनी शेजारी उभ्या ऑपरेटरकडे बघत बाही सारली. "याला घरी पाठवण्याआधी दाखवूनच देतो. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

बाई अडवायला धावेपर्यंत त्यांनी पत्रा आत सरकवून बटण दाबलं. घंटी वाजली. घंटीनंतर हात काढायला दोन सेकंद मिळतात. साहेब हात काढतच होते, तेवढ्यात पातं खाली आलं. चार बोटं हजेरीला उभी राहावीत तशी ओळीने पलीकडे राहिली.

ऑपरेटरने अंगातला शर्ट काढून त्यांच्या मनगटाला करकचून बांधला. बाई ॲम्ब्युलन्सला फोन लावत होत्या. साहेब पांढरेफटक पडले होते, पण त्यांनी डाव्या बाहीने पडद्यावरचं रक्त पुसलं, नोंद वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघ, मी म्हणत नव्हतो? हात आधीच बाहेर आलाय," ते ऑपरेटरला म्हणाले. "दे टाळी."

आणि अंगठा तेवढा उरलेला हात त्यांनी पुढे केला.