आठ वाजून दहा मिनिटांनी उघडणारं पान

कॉम्प्युटर लॅबच्या दाराबाहेर चपलांचा एकच जोड होता. आरोहीनं आवाज न करता आपल्या चपला त्याच्या शेजारी काढल्या.

८.१०. पान उघडलं.

ही नोंद ती महिनाभर पाहत होती. विद्यापीठाच्या उपकेंद्राची वेबसाइट तिला नव्यानं करायला दिली होती. जुन्या साइटवरचं कुठलं पान कोण किती वेळा उघडतं, ते ती रोज तपासायची. जे कुणीच उघडत नाही ते काढून टाकायचं. ‘गुणवंत विद्यार्थी’ हे पान सहा वर्षांपूर्वीचं. चार क्लिक आत, जुन्या परिपत्रकांच्या मागं. तिथं कुणी जात नव्हतं.

एक जण सोडून. याच लॅबमधून. रोज.

“भूत हाय मॅडम,” लॅब सांभाळणारा वैजनाथ म्हणाला होता. “सरकारी भूत. रविवारी सुट्टी घेतंय.”

आज दुपारी बारा वाजता जुनी साइट बंद होणार होती.

आत सगळ्या कॉम्प्युटरवर कापडी खोळी. फक्त कोपऱ्यातल्या एकाची खोळ घडी करून बाजूला ठेवलेली. त्याच्यासमोर पद्माबाई बसली होती. लॅब झाडणारी. झाडू खुर्चीला टेकलेला, हात मांडीवर. स्क्रीनवर निळी पट्टी, आणि पट्टीतून उजवीकडून डावीकडं सरकत जाणारी पिवळी अक्षरं.

कु. ऐश्वर्या भीमराज खिल्लारे, बी.एस्सी., विद्यापीठात प्रथम. हार्दिक अभिनंदन! पुढील वाटचालीस शुभेच्छा!

पट्टी रिकामी झाली.

एक. दोन. तीन. चार.

कु. ऐश्वर्या भीमराज

सरकती अक्षरं वापरायची नाहीत. वाचणाऱ्याच्या हाती लागत नाहीत.
(आरोहीच्या वहीतला पहिला नियम.)

“मावशी.”

पद्माबाई दचकून उठली. “मी काई बिघडवलं न्हाई मॅडम. पहिलेचे संतराम सर व्हते ना, त्यांनी दावलं व्हतं कुठं दाबायचं ते. तेवढंच दाबते.”

“बसा बसा. कोण ही?”

“लेक.” पद्माबाई स्क्रीनकडंच पाहत होती. “ती गेली. तिचं पुण्यानुमोदन झालं अन् दुसऱ्या दिशी निकाल लागला तिचा.”

पुढील वाटचालीस शुभेच्छा, पट्टी म्हणाली, आणि रिकामी झाली.

आरोहीनं मनात चार अंक मोजले.

“ही पहा,” पद्माबाईनं बोट केलं. “दाराकून येती. खिडकीकडं जाती. मंग परत दाराकून. झाडून झालं की बसते मी जराशी.” मग बोट खाली घेत ती म्हणाली, “तुमी आज हे बंद करून राहिले म्हणं. वैजनाथ सांगू लागला.”

“नाव नाही जाणार मावशी. नव्या साइटवर घेते. आत्ताच घेते.”

तिनं शेजारच्या कॉम्प्युटरची खोळ काढली. दहा मिनिटांत पान झालं. पांढरं, स्वच्छ. मधोमध मोठी काळी अक्षरं. पहिल्या पानावरून एका क्लिकवर. मोबाइलवरही नीट दिसणारं. असं पान तिला एरवी दाखवायला आवडलं असतं.

“या. बघा. आता कधीपण या, नाव इथंच असणार.”

पद्माबाई येऊन बसली. हात मांडीवर. ती बघत राहिली. बाहेर वसमतची बस थांबली, हॉर्न वाजवून निघून गेली. ती बघतच राहिली.

“मॅडम, हे हालंना काहून?”

“मुद्दाम थांबवलंय. वाचायला सोपं जातं.”

“व्हय.” ती जरा मागं सरकली. “दगडावर कोरल्यावानी दिसून राहिलं.”

आरोहीनं पानाकडं पुन्हा पाहिलं.

“न्हाई, चांगलं हाय तुमचं. लई साफ हाय.” पद्माबाईनं पदरानं टेबलावरची नसलेली धूळ पुसली. “पर जाईलच न्हाई, तं परत कशी येईल?”

तिनं माउसचं चाक फिरवून पाहिलं. काहीच सरकलं नाही.

पान एका स्क्रीनमध्ये मावलं पाहिजे. वाचणाऱ्याला खाली जावं लागू नये.
(नियम दुसरा.)

आरोहीनं कीबोर्ड पुन्हा स्वतःकडं ओढला. नावाच्या खाली जाऊन एक रिकामी ओळ टाकली. आणखी एक. मग बटण दाबूनच धरलं. नावाखाली पांढरी जागा वाढत गेली, वाढत गेली. हे पान कुणी तपासलं तर पहिलं बोट इथंच ठेवणार, हे तिला माहीत होतं.

“आता फिरवा.”

पद्माबाईनं चाक फिरवलं. नाव वर चढलं. वरच्या काठाशी अर्धं कापलं गेलं. गेलं.

स्क्रीन पांढरी.

एक. दोन. तीन. चार.

पाच.

पद्माबाईनं दाराकडं पाहिलं. दारात दोघींच्या चपला होत्या.

“म्हंजी आता,” ती हळू म्हणाली, “मलाच आणावी लागंल तिला.”

तिचं बोट चाकावर होतं.

८.५२. पान उघडंच.