मुखवट्याखालचं तोंड

मेक्सिकोतला मुखवटेवाला मल्ल फिदेन्सिओ तपासणीलाही मुखवटा घालूनच आला. महिन्यापूर्वी आखाड्यात मानेवर कोपर बसून मेंदूकडे जाणारी धमनी आतून फाटली होती. तिथे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून अ‍ॅस्पिरिन सुरू होती. “मुखवटा काढा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “गुठळी मेंदूत गेली तर आधी तोंड वाकडं होतं.” “बावीस वर्षांत बायकोशिवाय कुणालाच चेहरा दाखवला नाही.” “मला दाखवून काय दिवे लावले?” शेजारी बसलेली बायको पुटपुटली. “मग तोंड वाकडं झालं तर कळणार कुणाला?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्याचे मुखवटे बायकोच शिवायची. तिने पर्समधून कात्री काढली आणि नाकाखालचं कापड कापलं. “हस.” तो हसला. ओठांची दोन्ही टोकं सारखी वर गेली. सात वर्षं झाली. धमनी भरून आली, कुस्ती सुटली. रोज सकाळी गोळी हातावर ठेवून बायको म्हणते, “हस.” भांडण झालेलं असलं, तरी त्याला हसावंच लागतं.