हौदाचा कठडा

अभयारण्यातल्या हौदाचा पाइप हत्तीण रोज उपटायची आणि वनरक्षक मिस्त्रीकडून रोज जोडून घ्यायचा. भर उन्हाळ्यात पाणी मातीत जाताना पाहून त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "आज फटाके वाजवून तिला पळवतोच," म्हणत तो मिस्त्रीसोबत झाडाआड दबा धरून बसला. हत्तीण पिल्लाला घेऊन आली. हौद काठोकाठ भरलेला होता. ती मनसोक्त प्यायली. पिल्लाने मात्र कठड्याला छाती घासली, सोंड ताणली, तरी पाण्यापर्यंत पोचेना. मग हत्तिणीने शांतपणे पाइप उपटला आणि पिल्लू चिखलात तोंड घालून प्यायलं. वनरक्षकाच्या हातातले फटाके हातातच राहिले. "कठडा एवढा उंच कुणी बांधायला लावला?" मिस्त्रीने विचारलं. "मीच. पाण्यात कचरा जाऊ नये म्हणून," तो करवादला. हत्ती गेल्यावर मिस्त्रीने सवयीने पाना काढला. "तो ठेव," वनरक्षक म्हणाला. "घण आण."