पाणी कुटं गेलं

“ह्ये न्हाई. मूळ गाणं म्हण,” हंबीररावांनी काठी आडवी धरून बेंजो पार्टीची गाडी थांबवली.

नवरदेव घोड्यावर, घोडा मारुतीच्या देवळापुढं, आणि परण्याच्या मिरवणुकीत नाचणारी दीडशे माणसं जिथल्या तिथं उभी. गाडीवर माईक धरून उभा असलेला जोतीराम गाता गाता थांबला. घोड्यावरचा वीरधवल हंबीररावांचा नातू. आणि मूळ गाणं हंबीररावांच्याच नावानं शिमगा करणारं.

जोतीराम फौजेच्या बँडमधून रिटायर झाला तेव्हा एक बास गिटार आणि जन्मजात तोंडाळपणा घेऊन म्हसवडजवळच्या आपल्या वाडीत आला. हंबीरराव तेव्हा वाडीचे सरपंच होते, तेही सलग वीस वर्षं. त्यांनी नुकतीच पाण्याची टाकी बांधली होती. टाकी रंगवली, नळ बसवले, उद्घाटनाला पेढे वाटले. पाणी तेवढं सोडायचं राहिलं. त्या वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत जोतीरामनं गिटार गळ्यात अडकवली आणि गायला लागला, ‘टाकी आली, नळ आला, पाणी कुटं गेलं, हंबीरराव? पाणी कुटं गेलं?’ बायका रिकाम्या घागरी वाजवून नाचल्या. हंबीरराव त्या दिवशी कामाला साताऱ्याला गेले होते, म्हणून जोतीरामची हाडं शाबूत राहिली. पुन्हा त्या शब्दांत ते गाणं कधीच वाजलं नाही.

कारण मध्ये आला अवधूत. त्याचा सांगलीत गाणी रेकॉर्ड करायचा स्टुडिओ, आणि हे गाणं त्याच्या कानावर गेलं होतं.

“काका, हे फंक आहे,” तो म्हणाला.

“म्हंजे काय रं?”

“डोक्याला न विचारता कंबर हलते, ते. फक्त त्यातलं नाव काढा. उद्या केस झाली तर मी निस्तरणार नाही.”

जोतीरामनं आढेवेढे घेतले आणि शेवटी हंबीररावांच्या जागी ‘गं राणी’ घातलं. मग गाणं असं सुटलं की विचारू नका. साताऱ्याच्या एका डीजेनं राणीची पिंकी केली. पुण्याच्या कॉलेजातल्या पोरींनी ते ‘पाणी कुठे गेले’ असं शुद्ध करून डोळे मिटून गायलं, आणि ते ऐकून लोक चक्क रडले. भजनी मंडळानं ‘देवराया’ घातलं. निवडणुकीत दोन्ही उमेदवारांनी तेच गाणं एकमेकांवर सोडलं आणि दोघांच्या जीपा एकाच चौकात समोरासमोर आल्या. एका बारशाला ‘बाळराजे’ घालून वाजलं. तिथं पाणी कुठं गेलं ते आत्याच्या मांडीवर सगळ्यांना दिसतच होतं.

चाल सगळ्यांनी घेतली. शेवटचा शब्द ज्यानं त्यानं आपापला टाकला. जोतीराम जाईल तिथं सांगायचा, “आवं, मूळचं ऐका की एकदा. खरा दम त्यात हाय.” लोक म्हणायचे, “ऱ्हाऊ द्या काका, पिंकीचं वाजवा.” हे त्याला फार लागायचं. गाणं त्याचं, आणि त्याचंच कुणाला नको. त्याची बायको बनुबाई म्हणायची, “भांडं घासून झाल्यावर ते कशानं करपलं हुतं, कोण इचारतं?”

आणि आज इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मूळ गाणं मागत होतं. मागणारा कोण, तर ज्याच्यावर रचलं तोच.

“आण्णा, मूळ म्हंजे राणीचंच की,” जोतीराम साखर पेरत म्हणाला.

“मला शिकवू नगंस. टाकीचं म्हण.”

जोतीरामनं बाजूला बघितलं. हंबीररावांचे चार पुतणे शेजारीच उभे होते, एकेक दाराच्या चौकटीएवढा. गावं तर मार ठरलेला. न गावं, तर ज्या गाण्यासाठी इतकी वर्षं जीव जाळला ते आपलं नाहीच असं भर देवळापुढं कबूल करायचं. दोन्हीकडून मरणच. त्यानं माईक बंद केला, गाडीवरून खाली उतरला आणि म्हाताऱ्याच्या पायाला हात लावला.

“चुकलं, आण्णा. तवा तोंडाला यील ते बोललो. पर नातवाच्या लग्नात कशाला? तुमचं नाव खराब हुईल.”

हंबीररावांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि गाडीच्या मागं नेलं. पुतणे पुढं सरकले, त्यांना काठीनंच थांबायची खूण केली.

“मिरवणुकीच्या दुसऱ्याच दिशी कळलं हुतं मला,” ते हळू आवाजात म्हणाले. “तुझी टाळकी शेकायला निघालो बी हुतो. म्हणलं, जाऊ दे, गाईल वरीसभर आन दमंल. तर तूच मला काढून राणी घातलीस. मग पिंकी. मग देव. लहान पोरगं बी घातलं लोकांनी. म्या समदी ऐकली.”

“आण्णा…”

“ऐक. सकाळी टिळ्याच्या कार्यक्रमात माईकवाल्यानं मानाची चाळीस नावं वाचली. आमदाराच्या डायवरचं सुदिक वाचलं. माझं न्हाई. नवरीकडचा एक पोरगा मला इचारतोय, बाबा, तुमी कुणाकडचं?”

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत. पुढं घोडा चुळबूळ करायला लागला, कुणीतरी ओरडलं, मुहूर्त टळतोय.

हंबीररावांनी जोतीरामच्या हातातला बंद माईक घेतला, स्वतःच चालू केला आणि परत त्याच्या हातात दिला.

“शिव्या घाल गड्या, पर नाव घिऊन घाल.”